प्रशांत महासागरात खिडकी आहे

गिरणाऱ्याच्या पुढे, घाट लागायच्या आधी
जिल्हा परिषदेच्या शाळेची ती भिंत.
खैरनार बाई म्हणाल्या, जग काढा.
म्हटलं, किती बाय किती?
म्हणाल्या, भिंत आहे तेवढं.

आजवर मी भिंतींवर द्राक्षांची औषधं काढलेली,
सिमेंट, बनियन, दोनदा उमेदवार.
जगाचं कोटेशन कधी दिलं नव्हतं.

लतीफने निळीचा दोरा मारून चौकोन पाडले.
पुस्तकातला नकाशा वीतभर, भिंत बावीस फूट.
विषुववृत्त आखलं ते नेमकं बाईंच्या खांद्याला आलं,
म्हणजे पोरांना दक्षिण गोलार्ध तेवढा हाताला लागतो.
भारताला शिवायचं
तर रंगाच्या डब्यावर चढावं लागतं.

डाव्या अंगाला, जिथे प्रशांत महासागर यायचा, तिथे खिडकी.
म्हटलं, चालेल, तिथे तसंही काही काढायचं नसतं.
बाई हसल्या नाहीत.
बेटं आहेत म्हणाल्या, माणसं राहतात त्यांच्यावर.
मग गजांवर हिरवे ठिपके दिले,
नखाएवढे, एकेका गजावर पाचसात.
सहाराच्या वाळूत मीटरची पेटी आली.
ऑस्ट्रेलियाला मागच्या नळाची ओल आहे,
रंग सुटेल, आधीच सांगून ठेवलं.
न्यूझीलंड मावलं नाही,
ते कोपरा वळून
मुतारीकडच्या भिंतीवर गेलं.

युरोपला हात आखडला.
एवढासा तुकडा आणि किती दातेरी किनारा,
शून्य नंबरचा ब्रश काढावा लागला.
चौथीतली जिजा बेंडकुळे डब्यावर उभी.
आई पॅकहाऊसला खोके भरते, म्हणून एक नाव पाठ:
रॉटरडॅम कुठंय?
मी बोट ठेवलं. बोटाखाली तीन देश झाकले गेले.
ती बघत राहिली. मग म्हणाली,
आणि गंगा कुठंय?

गंगा मी केसाएवढी ओढली होती.
तिने तिच्यावरून नख फिरवलं, त्र्यंबकपासून पार उजवीकडे.
समुद्र तर इकडे जवळ होता, म्हणाली.
मग ही एवढ्या लांब का गेली?

मला काय माहीत. मी बाईंकडे पाहिलं.
बाईंनी भूगोलाचं पुस्तक उघडून उपडं धरलं, घराच्या छपरासारखं,
आणि कण्यावर ओंजळीतलं पाणी सोडलं.
ही बाजू वैतरणा. ही गोदावरी.
ढग एकच असतो गं,
थेंब कुठल्या अंगाला पडला, तेवढंच.
पुस्तक भिजलं. दोन दिवस दोरीवर वाळत होतं.

शेवटी उरला तडा.
छपरापासून जोत्यापर्यंत, अटलांटिकच्या मधून.
मी लांबी कालवली, तर बाई म्हणाल्या, राहू द्या.
ब्राझीलचा खांदा बघा,
आफ्रिकेच्या बगलेत बसतो की नाही?
एकच होतं सगळं. आपणही तिकडूनच सुटलो,
मादागास्करला मागे टाकून,
आणि वाटेत कधीतरी हा काळा दगड
पातळ होऊन वाहिला, विस्तवासारखा, परत परत.

मी शिडीवरून मागे डोंगराकडे पाहिलं.
चाळीस वर्षं तोच डोंगर.
थरावर थर, आणि मध्ये मध्ये तांबड्या मातीची पट्टी.
हे मला कळलं. हे माझ्या धंद्यातलं आहे.
पहिला हात वाळू दिलाय, मगच दुसरा मारलाय.
कुणालाही घाई नव्हती.

लांबी डब्यातच कडक झाली.

अंटार्क्टिकाचे पैसे मी धरले नाहीत,
पांढरा उरलेलाच होता.
बाकीचं बिल अजून पंचायत समितीत आहे.
शिडी उतरवत होतो तेव्हा आतून कुणीतरी खिडकी ढकलली,
आणि प्रशांत महासागरातून
तिसरीचा वर्ग तेराचा पाढा म्हणू लागला.
तेरा साते एक्क्याण्णवला अडखळला.
पुन्हा पहिल्यापासून.